कटाईवाल्याचा पहारा

माझा बा कटाईवाला होता. चामोर्शीहून मुलचेऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. धान कापून, चुरून घरात आलं की गावातले पंधरा-वीस गडी कुऱ्हाडी आणि आरे घेऊन कुपावर निघायचे. सरकारनं त्या वर्षीच्या तोडीसाठी नेमून दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. तिथंच बांबूच्या खोपट्या टाकून ते उन्हाळ्यापर्यंत राहायचे. बा त्यांचा म्होरक्या. कोणतं झाड कुणीकडं पाडायचं ते तो ठरवायचा. झाडाभोवती एक चक्कर मारायचा, मान वर करून फांद्यांचा भार कुणीकडं आहे ते पाहायचा, वारा कसा आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि मग कुऱ्हाडीच्या दांड्यानं जमिनीवर रेघ ओढून म्हणायचा, "इथी येईन." थोड्या वेळानं झाड त्याच रेघेवर आडवं व्हायचं. बाजूचं लहान झाड मोडायचं नाही. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

तो शाळेत गेला नव्हता. आजोबांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पोरांनी शिकायचं हे पक्कं झालं होतं, पण बाच्या वाट्याला शाळा आली नाही, माझ्या आली. मी मॅट्रिक झालो आणि वनखात्यात गार्ड म्हणून लागलो. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. खाकी कपडे पहिल्यांदा अंगात घातले त्या दिवशी बा मला घेऊन गावभर हिंडला. पारावरच्या लोकांनी चेष्टा केली, "बाप तोडते आन् पोरगा राखते, सारं जंगल तुमच्याच घरी गेलं ना भाऊ!" बा मोठ्यानं हसला. तेव्हा तोडण्यात आणि राखण्यात भांडण आहे असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. खातंच तोडायला लावायचं आणि खातंच राखायला.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. माझी बीट, म्हणजे माझ्या राखणीतला जंगलाचा भाग, गावापासून चार कोसांवर, एका डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेली. दिवाळीनंतर महिन्याभरानं रेंजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. रेंजचा तो सगळा भाग अभयारण्यात गेला आहे, म्हणाले. यंदाचा कूप तोडायचा नाही. मजूर येऊन बसले असतील तर त्यांना परत पाठव.

मजूर येऊन बसलेच होते. त्यांत बाही होता.

मी सकाळी पोचलो तेव्हा बा एका ओंडक्यावर बसून आऱ्याचे दात घासत होता. मला पाहून त्यानं बाजूला जागा करून दिली. मी बसलो नाही.

"बा, कूप बंद झाला."

"काऊन?"

"हा भाग अभयारण्यात गेला. आता इथी एकबी झाड पाडायचं नाई."

"झाडायले तर हातोडा लागला हाये." खात्यानं पाडायच्या झाडांवर हातोड्यानं निशाणी ठोकली होती, त्याबद्दल तो बोलत होता.

"लागला. पण पाडायचं नाई. वरून हुकूम आला."

बाकीचे गडी आमच्याभोवती जमा झाले. मग त्यांच्यातला एक म्हातारा बाला म्हणाला, "भाऊ, तुह्या पोरानं आधी सांगतलं असतं, तर येवढ्या खोपट्या तरी बांधल्या नसत्या." बानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांकडं नाही, शर्टाच्या गुंड्यांकडं. "मंग आमी आता काय करावं, गार्डसाहेब?"

माझ्या बापानं मला पहिल्यांदा साहेब म्हटलं ते असं. त्यानं आऱ्यावर गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि सगळे चालत गावाकडं गेले.

तो उन्हाळा घरात फार वाईट गेला. काही गडी चंद्रपूरकडं खाणीवर गेले, काही रस्त्याच्या कामावर. बा कुठंच गेला नाही. तो सकाळी जंगलाच्या बाजूला तोंड करून अंगणात बसायचा. मी सुट्टीवर आलो की उठून दुसरीकडं जायचा. आई आमच्या दोघांच्या मधे. एकदा मी निघालो तेव्हा ती माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "तुह्यावर राग नाई त्याचा. त्याचे हात रिकामे राह्यले का तो असाच होते. त्याले काही तरी काम पाह्य."

काम निघालं ते पुढच्या माघात. पानगळ सुरू झाली की आमच्याकडं आगीचे दिवस येतात. त्या चार महिन्यांसाठी प्रत्येक बीटवर तीन माणसं फायर वॉचर म्हणून घ्यायची होती. रेंजरसाहेब म्हणाले, "जंगल माहीत असलेली माणसं घे." जंगल बाइतकं माहीत असलेलं माणूस मला ठाऊक नव्हतं, पण त्याला विचारायचं धाडस होईना. शेवटी आईनंच विचारलं. तो काय म्हणाला ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एका सकाळी तो वनखात्याच्या नाक्यावरच्या माझ्या खोलीसमोर उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात कुऱ्हाड.

"हजर हाओ, गार्डसाहेब."

महिनाभर त्यानं मला त्याच नावानं हाक मारली. बाकीच्या दोघा वॉचरांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण कामात कसूर नव्हती. आम्ही जाळरेषा साफ केल्या, म्हणजे आग पलीकडं जाऊ नये म्हणून जंगलातून काढलेले रुंद पट्टे. बा त्या पट्ट्यावरची काडीसुद्धा उचलून फेकायचा. मधूनच थांबून एखाद्या सागाच्या खोडावर हात ठेवायचा, त्यावर हातोड्याची निशाणी असायची. मग पुढं चालायचा.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हाची गोष्ट. दुपार होती. डोंगराच्या पायथ्याशी धूर दिसला आणि पाहता पाहता पिवळा-काळा होऊन वर चढायला लागला. आम्ही चौघं पळत सुटलो. मी ऐनाची हिरवी फांदी तोडली आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं तसा थेट आगीच्या तोंडावर गेलो, झोडपायला लागलो. डोळ्यांत धूर, कानात तडतड. एक जागा विझवली की दोन पेटायच्या. मागून बा ओरडला, "सामने नोको जाऊ! डोंगर चढणारी आग आहे ते, तुह्याहून जोरानं पळते!"

मी मागं वळलो तेव्हा तो शांत उभा होता. मान वर करून शेंड्यांकडं पाहत होता. मुठीत धूळ घेऊन त्यानं हळूच सोडली, ती वरच्या अंगाला गेली. मग वर माथ्यावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेकडं बोट करून म्हणाला, "इथी येईन. चाला लौकर."

आम्ही धापा टाकत माथ्यावर गेलो. बांबूच्या झाडण्यांनी वाटेवरचा पाला लोटून वाट रुंद केली. तेवढ्यात बानं कंबरेची आगपेटी काढली.

"हे काय करून राह्यला, बा?"

"वाटेच्या खालच्या अंगानं आग लावून राह्यलो. आपली आग हळूहळू खाली उतरन, तिची वर येईन. मधात दोघी भेटल्या का जाळायले काही राह्यत नाई."

"मी गार्ड आहो! मी अभयारण्यात आग कशी लावू?"

"मंग तू नोकरी सांभाळ," तो म्हणाला, "आन् जंगल जाऊ दे."

मी त्याच्या हातातून आगपेटी घेतली आणि काडी मीच ओढली.

आमची आग नाखुशीनं, पाय मोजत खाली उतरायला लागली. वाटेवर उडालेल्या ठिणग्या आम्ही पळत पळत विझवत होतो. खालून मोठी आग गर्जत आली, आणि मग दोघी एकमेकींना भिडल्या. एकदम उंच झाल्या. मला वाटलं, सगळं गेलं. पण क्षणातच त्या बसल्या, जणू कुणी झाकण घातलं. वाटेच्या एका अंगाला काळा उतार, धुरकटलेले बुंधे. दुसऱ्या अंगाला जंगल जसंच्या तसं, एक होला बोलत होता.

बाच्या भुवया जळल्या होत्या. तो वाटेतच मांडी घालून बसला. "बाबू," तो म्हणाला, "पाणी आहे का?"

लहानपणापासून तो मला बाबूच म्हणायचा. मी पाण्याचा भोपळा त्याच्या हातात दिला आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

आग कुठून लागली ते शोधायला फार वेळ लागला नाही. पायथ्याशी एका मोहाखाली एक म्हातारी गोंड बाई टोपली घेऊन उभी होती. जवळच्या टोल्यातली, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीतली. ती पळून गेली नव्हती. मला पाहून म्हणाली, "मीच लावली, भाऊ. झाडाखालचा पाला जाळतो दरसाल, मंग फुलं साफ दिसते. आज वारा फिरला."

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब जीपनं आले. काळा उतार चालत पाहिला. ते भले गृहस्थ होते पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. म्हणाले, "या बाईवर गुन्हा दाखल करावा लागेल. अभयारण्य आहे हे." म्हातारी जमिनीकडं पाहत उभी होती. मी वही उघडली.

बा पुढं आला. साहेब लोकांपुढं तो कधी बोलत नसे. हात जोडून "जय भीम" म्हणाला आणि मग म्हणाला, "साहेब, या बाईच्या हातून एक उतार जळला. माह्या हातून किती झाडं पडले त्याचा मलेच हिशोब नाई. मले तर खात्यानंच कामाले लावलं होतं. काल जे बरोबर होतं ते आज चुकीचं झालं, हे मले तरी माह्या पोरानं येऊन सांगतलं. हिले कोणी येऊन सांगतलं?"

रेंजरसाहेब माझ्याकडं वळले. मग त्यांनी मला विचारलं, "तू टोल्यात जाऊन सांगितलं होतंस?"

"नाही साहेब."

खोटं बोलणं शक्य होतं. पण बा समोर उभा होता.

साहेबांनी बाईला लेखी ताकीद दिली, ती वाचून दाखवली, तिचा अंगठा घेतला. जाताना मला म्हणाले, "पुढच्या वर्षी या टोल्याची आग ही तुझी जबाबदारी." जीप गेल्यावर म्हातारीनं बाला विचारलं, "जाळू नाई तर मंग पाला कोण झाडून देईन, भाऊ? माह्या अंगात आता ताकत नाई."

"मी देईन, बाई," बा म्हणाला.

मला वाटलं, तो तिची समजूत काढतो आहे. पण पुढच्या फाल्गुनात, फुलं गळायच्या आधी, तो बांबूची लांब दांड्याची झाडणी करून टोल्यात हजर झाला. म्हातारीच्या मोहाखालचा पाला त्यानं वर्तुळ करून बाजूला ओढला. मग शेजारच्या झाडाखालचा. टोल्यातले गडी पाहून हसले, "कटाईवाला भाऊ आता झाडू मारते!" तो हसण्यावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी मीही झाडणी घेतली, खाकी अंगात असताना. पाचव्या दिवशी म्हातारीची सून आली, मग तिच्या मैत्रिणी. बायांना पटायला वेळ लागला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: झाडलेल्या जमिनीवरची फुलं राखेत लडबडत नाहीत, वाळली की रंग चांगला राहतो. जंगल वाचवा म्हणून मी वर्षभर ओरडलो असतो तरी इतकं काम झालं नसतं. त्या उन्हाळ्यात माझ्या बीटवर एकच आग लागली, तीही रस्त्यावरच्या कुणाच्या तरी बिडीनं, आणि जाळरेषेवर विझली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. अभयारण्य झाल्यावर घर शाकारायला बांबू आणायचा असला तरी परवानगी लागायची, आणि टोल्यातली माणसं माझ्याशी त्यावरून भांडायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. रेंजरसाहेबांकडं खेटे घालून मी जमेल तेवढं करून आणायचो, सगळं जमायचं नाही. बाचंही दुःख गेलं नव्हतं. एकदा आम्ही हद्दीवरून चाललो होतो, पलीकडं अभयारण्याबाहेर कुठं तरी तोड चालू होती. झाड पडल्याचा आवाज आला. बा थांबला, कान देऊन ऐकलं आणि चिडून म्हणाला, "चुकीच्या अंगानं पाडला. दुसऱ्या झाडावर घेऊन गेला." संध्याकाळपर्यंत तो त्याच आवाजाबद्दल बोलत होता.

पण तिसऱ्या वर्षी मला त्यानं एक जागा दाखवली. बीटच्या दक्षिण कोपऱ्यात, जुन्या कुपात. तिथं सागाची बुटं होती, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे जमिनीत राहिलेले बुंधे. दर उन्हाळ्यात तिथून आग जायची आणि बुटांमधून फुटलेले कोंब करपायचे, पुन्हा फुटायचे, पुन्हा करपायचे. आता तीन वर्षं तिथं आग शिरली नव्हती. कोंब माझ्या डोक्याच्या वर गेले होते, पानं सुपाएवढी. बा एका बुटापाशी बसला. "हा मी पाडला होता," तो म्हणाला. "पाह्य, परत आला."

खालच्या नाल्याला त्या वर्षी वैशाखातही डबक्यांमधून पाणी होतं. रस्त्यापलीकडं, जिथलं जंगल माझ्या लहानपणीच साफ झालं होतं, तोच नाला होळीलाच कोरडा पडायचा. भर उन्हात शेतातून चालत येऊन जंगलात शिरलं की अंगावरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं वाटायचं. हे आम्हाला आधीही ठाऊक होतं, पण ठाऊक असलेली गोष्ट मोजून पाहायची सवय नव्हती.

जंगलाचा आणखी एक हिशोब मला समजला तो चंद्रपूरला. खात्यानं काही गार्डांना तिथं वर्गासाठी पाठवलं होतं. एक मास्तर आले, त्यांनी टेबलावर चुलीतल्या कोळशाचा खडा ठेवला आणि विचारलं, "हा कुठून आला?"

"झाडातून," आम्ही म्हणालो.

"झाडात कुठून आला?"

"मातीतून."

"नाही. हवेतून." मग त्यांनी सांगितलं, की झाड हवेतून कर्ब ओढून घेतं आणि त्याचं लाकूड करतं. जोवर झाड उभं, तोवर तो कर्ब बंदिस्त. जाळलं की परत हवेत. इथल्या खाणीतला दगडी कोळसाही कधीकाळचं जंगलच, तो जाळून जाळून जगाची हवा तापत चालली आहे असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, आणि आपल्यासारख्या उष्ण देशांतली उभी जंगलं तो कर्ब परत आत घेतात. ती तुटली तर दुहेरी नुकसान. खिडकीबाहेर दूरवर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसत होता. दुपारच्या जेवणानंतरचा तास, अर्धे गार्ड पेंगत होते. मला मात्र त्या उतारावरचा धूर आठवत होता.

परत आलो तेव्हा नाक्यावरच्या खोलीत मी ते सगळं बाला सांगितलं. तो भाकरी थापत होता. हात न थांबवता ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग मी येवढी वर्षं काय केलं?"

"तू पाडलेल्या सागाचे दारं-खिडक्या झाले, बा. त्या लाकडात तो कर्ब अजून आहेच."

"आन् जे जळलं?"

"ते हवेत गेलं."

त्यानं भाकरी उलटली. "चंद्रपूरवाल्यायची चिमणी काही मले बंद करता येत नाई," तो म्हणाला. "पण येवढा डोंगर तर आपल्या हातात आहे ना? जळू नाई द्यायचा, बस."

इतकं थोडक्यात मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपता संपता माझी बदली एटापल्लीकडं झाली. मी बाला सोबत चल म्हणालो, तिकडंही जंगल आहे, वॉचर लागतातच. तो म्हणाला, "तू जा ना बाबू, तुही नोकरी आहे. इथली बीट मी कोणाच्या भरोशावर सोडू?" आई हसून म्हणाली, "पाह्यलं? गार्ड तू होता, पण बीट त्याची होती."

माझ्या जागी नागपूरचा एक तरुण गार्ड आला. दोन-तीन महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, त्याची चिठ्ठी मला मिळाली. तुमचे वडील मला फार बोलतात, असं त्यानं लिहिलं होतं. मी वाट चुकलो की बोलतात, बिडी ओढली की बोलतात, टोल्यात जाऊन बायांशी नीट बोललो नाही तर तेही विचारतात. परवा एका ठिकाणी धूर दिसला म्हणून मी धावत निघालो, तर त्यांनी माझी कॉलर धरून मला मागं ओढलं. आधी उभं राहून वारा पाहायला लावलं. शेवटी त्यानं विचारलं होतं, हे खात्यात नक्की कोणत्या पदावर आहेत?

मी त्याला लगेच उत्तर लिहिलं. पदाचं काही लिहिलं नाही. ते सांगतील तसं करा, एवढंच लिहिलं, आणि तिथल्या नाल्याला या दिवसांत पाणी किती आहे ते कळवा.

त्यानं कळवलं. गुडघ्याएवढं होतं.